घर बंद, भेट नाही

"बदल हा पाहुणा नाही. बदल हा घरातलाच माणूस आहे. त्याला पाणी विचारा, बसायला जागा द्या," पुण्याहून आलेला प्रशिक्षक माइकवर सांगत होता आणि भंडाऱ्याच्या त्या थंडगार सभागृहात आम्ही सगळे माना डोलावत होतो. माणूस गोड होता, पण खाटेला खिळलेलं म्हातारं माणूस त्याने उभ्या जन्मात कुशीवर वळवलं नसावं, हे त्याच्या हातांवरूनच कळत होतं. तरी त्याचं बोलणं मला पटत होतं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी तिथे बदलाची सगळ्यात मोठी भक्त मीच होते.

"रक्षा मॅडम, चहानंतर तुमचा नंबर," योगेंद्र साहेब मागून वाकून सांगून गेले. योगेंद्र साहेब म्हणजे आमच्या घरभेट सेवेचे जिल्ह्याचे अधिकारी. तिशीतले, शिकलेले, मनाने वाईट नाहीत, पण पडद्यावर काम झाल्याचा हिरवा रंग दिसला की खूश आणि राहिल्याचा लाल दिसला की त्यांना जेवण जात नाही.

घरभेट सेवेचं काम सांगायला सोपं आहे आणि करायला जिवावरचं. गावागावांतल्या एकट्या आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे आमची सेविका रोज जाते. पाणी पाजते, पेज भरवते, अंग पुसते, कूस बदलते, गोळी देते, दोन शब्द बोलते. मी त्या सेविकांची पर्यवेक्षिका. इतकी वर्षं प्रत्येक सेविका आपापल्याच गावात काम करायची. ऐकायला छान वाटतं ना? मलाही वाटायचं. मग एका गावात खालच्या टोल्यातला, म्हणजे खालच्या वस्तीतला, एक म्हातारा मला सापडला. त्याच्या पाठीच्या जखमेत माझी बोटं गेली असती. तिथल्या आमच्या सेविका सत्यभामाबाई त्या टोल्यात कधी पाऊलच टाकत नव्हत्या. वरच्या आळीतल्या आपल्या नात्यागोत्याच्या म्हाताऱ्या मात्र त्यांनी फुलासारख्या जपल्या होत्या. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

म्हणून या वर्षी जेव्हा वरून आदेश आला, की सेविकांनी गावं बदलायची, कुणी आपल्या गावात काम करायचं नाही, तेव्हा बाकीच्या पर्यवेक्षिका कुरकुरल्या आणि मी कंबर कसली. सेविका रडल्या. मांडवटोल्याच्या कुंताबाई तर माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मॅडम, केशरबाईले मी नाई दिसली तं थे जेवत नाई जी." मी म्हटलं, "सवय होते, बाई. सगळ्याची सवय होते."

सवय काही होईना. म्हातारी माणसं नव्या मुलींना हात लावू देईनात. जुन्या सेविका संध्याकाळी गुपचूप जाऊन भरवून यायच्या आणि नव्या मुली भेट झाली म्हणून नोंद टाकायच्या. मला ते कळलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी नियम काढला. तो माझाच होता, वरून आलेला नव्हता: जुन्या सेविकेने महिनाभर आपल्या जुन्या घरांत पाऊल ठेवायचं नाही. ठेवलं तर काम सुटलं म्हणून समजा. एवढ्यावर मी थांबले नाही. प्रत्येक भेटीला नव्या मुलीने घरच्यांना विचारायचं, जुनी बाई येऊन गेली का? साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी तो प्रश्न मोबाइलच्या अ‍ॅपमध्येच टाकून घेतला. चहानंतर मी त्याचंच कौतुक सांगायला उभी राहणार होते.

आकडे पुन्हा एकदा पाहून घ्यावेत म्हणून मी फोन उघडला. सगळं हिरवं होतं, पण मांडवटोल्याच्या नावांत एक नाव कमी दिसलं. केशरबाईचं. ते काढून टाकलेल्या नावांत सापडलं, खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: घर बंद, भेट नाही. परवा तेच, काल तेच, आज सकाळीही तेच. लागोपाठ तीनदा घर बंद आढळलं की अ‍ॅप नाव आपोआप काढून टाकतं, कारण माणूस बाहेरगावी गेलं असं ते धरून चालतं. प्रत्येक भेटीला पुरावा म्हणून फोटो होता. निळ्या रंगाचं दार आणि दाराला साखळीची कडी. मी फोटो मोठा केला. कडी होती, कुलूप नव्हतं.

बाकीच्या दोन्ही फोटोंतही तेच होतं.

शहरातल्या माणसाला यात काही वाटणार नाही. बाहेरून कडी म्हणजे घरात कुणी नाही, संपलं. आमच्या भागातल्या टोल्यांत तसं नसतं. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू झाला की लहानथोर सगळे बांधीत, भातशेतात, असतात. घरात खाटेवरचं माणूस असलं तर त्याला ठेवून, बाहेरून कडी लावून जातात, कुत्री, डुकरं आत शिरू नयेत म्हणून. घर खरोखर रिकामं असेल तर कुलूप लावतात. कडी म्हणजे आत माणूस आहे, कडी काढ आणि ये. हे कुणी कुणाला सांगत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून गावं बदलताना आम्ही नव्या मुलींना गोळ्या शिकवल्या, रक्तदाब शिकवला, अ‍ॅप शिकवलं आणि कडी शिकवली नाही.

मांडवटोल्याची नवी सेविका अंजू. माहेर जवाहरनगर, वडील तिथल्या कारखान्यात, सगळं लहानपण सरकारी क्वार्टरात गेलेलं. हुशार, वेळेची पक्की पोरगी. क्वार्टरात बाहेरून कडी लावून आत म्हातारं माणूस ठेवून कोण जातं?

मी उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. योगेंद्र साहेब दारापर्यंत माझ्यामागे आले.

"मॅडम, कुठे? तुमचा नंबर आहे."

"साहेब, मांडवटोल्यात एक बाई बंद दारामागे आहे. लकवा झालेली. तीन दिवस तिच्याकडे कुणी गेलेलं नाही."

"अंजू रोज गेली आहे. मी स्वतः फोटो पाहिले."

"दाराचे पाहिलेत. बाईचा एकतरी पाहिलात का?"

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "गावात फोन करा ना कुणालातरी. प्रत्येक घरासाठी तुम्हीच धावलात तर सिस्टिम कशाला उभी केली आपण?"

त्यांना उत्तर द्यायला थांबले असते तर तोंडातून भलतंच निघालं असतं. मी जिना उतरले. आमचे ड्रायव्हर भैय्याजी जीपला टेकून सुपारी कातरत होते. माझा चेहरा पाहून त्यांनी अडकित्ता खिशात घातला आणि काही न विचारता गाडी सुरू केली.

"मांडवटोला. लवकर."

"काय झालं जी?"

"केशरबाई."

त्यांनी पुढे विचारलं नाही. पवनीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी फोन लावत होते. केशरबाईची सून रीना, तिचा फोन बंद. मुलगा राजकुमार, त्याचाही बंद. शेजारचा एक नंबर होता, नुसताच वाजत राहिला. रोवण्याच्या दिवसांत दुपारी टोल्यात फोन उचलायला असतं कोण? फोन घरी चार्जिंगला आणि माणसं गुडघाभर चिखलात. कुंताबाईंनाही लावला. त्यांना मी आता दिघोरीला टाकलं होतं, सकाळच्या गाडीने जायच्या आणि दिवस मावळता यायच्या. वाजला, पण उचलला नाही. माझं नाव दिसल्यावर त्यांनी का उचलावा?

अंजूने पहिल्याच घंटीला उचलला.

"केशरबाईच्या घराला कुलूप होतं का कडी?"

"कडी होती मॅडम. मी फोटो टाकलाय."

"तू कडी काढून आत पाहिलं?"

"नाही. कुणाचं बंद घर असं कसं उघडायचं? चोरीबिरीचं नाव आलं तर?" मग तिचा आवाज बदलला. "का मॅडम? त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं होतं. म्हणाल्या, उद्यापासून रोवण्याला जातो, मुक्कामी, कडी लावून जाऊ. मी म्हटलं ठीक आहे. मला वाटलं आजींना कुठे नातेवाइकांकडे ठेवतील."

मी डोळे मिटले. रीनाने तिला सगळं सांगितलं होतं. कडी लावून जाऊ म्हणजे तू येत जा, आई आत आहे. याहून स्पष्ट टोल्यातलं कुणी बोलणार नाही. दूरच्या गावचा रोवणा असला की ट्रॅक्टरमध्ये बसून मजुरांचे जत्थेच्या जत्थे जातात आणि काम उरकेपर्यंत तिकडेच राहतात. दर वर्षी रीना आणि राजकुमार असेच जायचे आणि कुंताबाई दोन्ही वेळा आपल्या घरचं आणून भरवायच्या. या वर्षीही ते तसेच निर्धास्त गेले. बाई येतेच ना रोज.

"अंजू, आत कुणाचा आवाज आला होता का?"



"परवा... काहीतरी कण्हल्यासारखं आलं होतं. माझी गाडी चालूच होती मॅडम, बंद केली की लवकर सुरू होत नाही. मला वाटलं शेजारून येतंय. काल, आज तर काहीच नव्हतं. एकदम चूप."

काल, आज काहीच नव्हतं. शेजाऱ्यांचं तरी काय चुकलं? थकून रात्री घरी यायचे, केशरबाईच्या दाराला नेहमीसारखी कडी दिसायची. म्हणजे बाई येऊन गेली, भरवून गेली, कडी लावून गेली. दारातली ती कडी पाहून गावातला प्रत्येक माणूस निर्धास्त झोपत होता.

"पवनीच्या स्टँडवर ये," मी अंजूला म्हटलं. "मी तुला घेते. रडू नको, आता रडायचं नाही."

ती रडतच होती.

अखेर मांडवटोल्याच्या पोलीस पाटलांनी फोन उचलला. तेही बांधीतच होते, मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. मी ओरडून सांगितलं, पाटील, हातातलं टाका आणि केशरबाईच्या घरी पळा, कडी काढून आत पाहा. त्यांना आधी काही उमजेना. मग म्हणाले, "जातो जी, जातो. बोडीच्या तळ्यापलीकडं हाओ, येळ लागन."

आता वाट पाहण्याखेरीज हातात काही नव्हतं. भैय्याजी गाडी अशी हाणत होते की एरवी मी त्यांना झापलं असतं. दोन्ही बाजूंनी पाण्याने भरलेल्या बांध्या होत्या आणि वाकलेल्या बायकांच्या रांगा. मला त्या बायकांचा राग आला. मग रीनाचा आला, मग अंजूचा, मग साहेबांचा. कुणाचाच राग फार वेळ टिकेना. फिरून फिरून तो माझ्याच दारात येऊन बसायचा. तुझ्या त्या नियमापायी हे झालं, कुंताबाई एरवी सहज डोकावली असती. ही गोष्ट मला सभागृहातून उठतानाच कळली होती, फक्त भैय्याजींसमोर ती तोंडाने म्हणायची हिंमत होत नव्हती.

पवनी जवळ आली तेव्हा पाटलांचा फोन आला.

"मॅडम, कडी काढली. खाट रिकामी हाये. बुढी नाई घरात."

"म्हणजे?"

"नाई जी. दारातून हाक मारली, दोनदा मारली. ओ नाई काई नाई. नेली असन पोरानं संगं. कडी लावून देल्ली मी परत."

माझ्या अंगातला ताण एकदम ओसरला. इतका की मी हसले. नेली असेल. ट्रॅक्टरमध्ये चटई टाकून, धरून, नेली असेल. जत्थ्यात एखादी म्हातारी सावलीत बसवून ठेवणं काही नवीन नाही. तेवढ्यात साहेबांचाही फोन आला. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बघा! म्हणजे नोंद बरोबरच होती ना? घर बंद ते बंदच. या परत मॅडम. मी तुमचा नंबर शेवटी टाकतो."

भैय्याजींनी गाडी कडेला घेतली. "फिरवू का जी?"

फिरवा, असं मी म्हणणारच होते. मनापासून म्हणायचं होतं. परत जाऊन हिरवे आकडे दाखवायचे होते, पुण्याच्या त्या गोड माणसाकडून टाळ्या घ्यायच्या होत्या. जिभेवर शब्द आला होता. पण केशरबाईची ती डावी बाजू माझ्या डोळ्यांसमोर होती, पार गेलेली. दोघांनी धरल्याशिवाय ती खाटेवर उठून बसत नाही. तिला मुक्कामाच्या रोवण्याला नेईल एवढा राजकुमार खुळा नव्हता.

"रीनाचा नंबर अजून एकदा लावते, मग सांगते."

या वेळी लागला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"रीना, मी रक्षा मॅडम. सासूबाई तुझ्यासोबत आहेत का?"

"नाई जी. घरीच हायेत." ती बिनघोर आवाजात म्हणाली. "काहून? थे नवी बाई येते ना रोज? मी सांगतलं होतं तिले, कडी लावून जातो म्हून. उशाले पाणी ठेवलं, मुरमुरे ठेवले. आई बरी हाये ना मॅडम?"

मी काय सांगणार होते? "मी तिकडेच चालले आहे, तुम्ही निघा," एवढंच म्हटलं. फोन ठेवायच्या आत तिची किंकाळी कानात शिरली.

"चला," मी भैय्याजींना म्हटलं आणि १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका पाठवतो म्हणाले. स्टँडवर अंजू उभी होती, ओढणी तोंडाशी धरून. गाडी पुरती थांबायच्या आत ती चढली. मी तिला सांगितलं, आजी घरातच आहेत, पण खाटेवर नाहीत. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मला काढून टाकाल ना?"

"आधी ती जिवंत सापडू दे."

हे फार कडू बोलले मी. पण मला तेव्हा दुसरं काही बोलताच आलं नाही.

मांडवटोल्याच्या फाट्याला वळलो तेव्हा कुंताबाईंचा फोन आला. आपणहून केलेला. "तुमचे लय फोन दिसून राहिले मॅडम. माझं काई चुकलं का? मी नाई गेली जी केशरबाईकडं, तुमची शपथ. गाडीवरून उतरून मान खाली घालून घरी जाते. तिच्या दाराकडं पाहत बी नाई."

मी सगळं सांगितलं.

"या," मी म्हटलं. "असाल तशा या. मिळेल त्या गाडीवर बसून या."

"नियम?"

"या म्हटलं ना बाई!"

टोला ओस पडला होता. कोंबड्या होत्या, एक बांधलेला बोकड होता आणि कुठल्याशा घरातला रेडिओ कुणासाठी वाजत होता देव जाणे. निळं दार फोटोतल्यासारखंच होतं. पाटलांनी कडी जागच्या जागी लावून ठेवली होती. अंजू दारापाशी जाऊन थबकली. तिचा हात उठेना. मी तिला बाजूला करून कडी काढली.

आत अंधार होता आणि वास होता. त्या वासाबद्दल मी लिहीत नाही. खाट रिकामी होती, वाकळ अर्धी खाली ओघळलेली. उशाशी तांब्या आडवा पडला होता, कोरडा. मुरमुऱ्यांना मुंग्या लागलेल्या.

"केशरबाई!"

काहीच नाही. भैय्याजी मागच्या आवारात पाहायला गेले. मी फोनचा दिवा लावला. मातीच्या जमिनीवर खाटेपासून आतल्या खोलीपर्यंत काहीतरी घासत नेल्याची खूण होती. पाटलांनी दारातून डोकावून हाक मारली होती, त्यांना ती दिसणं शक्य नव्हतं. मी त्या खुणेवरून आत गेले. आतल्या खोलीत धानाची मोठी कोठी होती, तिच्यामागे पाण्याचा माठ. तिथे, भिंत आणि कोठी यांच्या बोळात, केशरबाई कुशीवर पडली होती. उजवा हात माठाच्या बुडाशी. माठ कलंडलेला, माती ओली. त्या एका धड हाताने तिने स्वतःला एवढं ओढत आणलं होतं.

मी गुडघ्यांवर बसले. तिच्या नाकाशी हात धरला. श्वास लागत होता, अगदी बारीक.

"अंजू, पाणी! माझ्या पिशवीतलं. आणि चमचा."

अंजू आली. काम तिने नेटकं केलं. डोकं उचलून मांडीवर घेतलं, ओठ ओले केले, मग चमच्याच्या टोकाने एकेक थेंब. घशाखाली जातंय ना हे पाहून मगच पुढचा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला केशरबाईने गिळलं. मला रडू कोसळलं. ते मी कुणापासून लपवलं नाही.

बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला आणि धावत येणारी पावलं. ती दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

केशरबाईने डोळे उघडले. आधी तिने अंजूकडे पाहिलं आणि तिचं अंग आक्रसलं. मग माझ्याकडे. मला ती ओळखत होती, बदल सांगायला मीच तर आले होते. तिचा तो वाकडा झालेला जबडा हलला. आवाज इतका कमी होता की मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"कुंता नाई आली जी," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मी म्हटलं, "बोलू नका आजी, गाडी येते आहे."

"नाई आली. एकडाव बी नाई आली." तिला धाप लागत होती, तरी ती थांबेना. "हे पोरगी इचारते ना नेहमी, कुंता आल्ती का. पहिल्या रोजी मी हिले हाक देल्ली. आत नाई आली, दाराच्या फटीतून दिसलं मले, फोटो काढून गेली. मंग समजलं मले, कुंतावर पाळत ठेवाले येते. मंग मी चूप रायली, बोलली तं कुंताचंच नाव निघन म्हून. आज पाटील बी आला पाहाले. मी चूपच रायली." तिने श्वास घेतला. "तिचा डबा नाई इथं, भांडं नाई. पाहून घ्या सारं घर. तिची नोकरी नोका काढू मॅडम, तिले लेकरं हायेत."

अंजूच्या हातातला चमचा खाली पडला.

मी मागे वळून पाहिलं. दारातल्या उजेडात कुंताबाई उभ्या होत्या, पायांत एकच चप्पल, केस सुटलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तोंडात पदर कोंबला होता आणि अंग गदगदत होतं, पण पाय उंबऱ्याच्या बाहेरच होते. त्या केशरबाईकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.

"या," मी म्हणाले. त्या हलल्या नाहीत, म्हणून पुन्हा म्हणाले.